फोर-जी राऊटरला रेंज फुल्ल, तरी नेट सारखं तुटतंय: गावाकडच्या घरासाठी समस्या निवारण

लक्षण असं असतं. गावच्या घरी सिमवाला फोर-जी राऊटर लावलाय, हिरवी लाईट पेटलेली आहे, रेंजच्या चार-पाच दांड्या दिसतायत, मोबाईल वायफायला जोडलाय आणि नेट मात्र गोल गोल फिरतंय. राऊटर बंद करून चालू केला की कधी दहा मिनिटं, कधी दोन तास एकदम मस्त चालतं आणि मग परत तेच. घरातलं कोणीतरी दिवसभर प्लग काढत-घालत बसतं. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यात वाड्यावाड्यांवर असे राऊटर झालेत, कारण सरकारच्या भारतनेट योजनेची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आली तरी तिथून दोन पऱ्ये (ओढे) ओलांडून वरच्या वाडीत एकेका घरी कोण ओढणार, मग सिम हाच मार्ग राहतो. आजूबाजूच्या बऱ्याच घरांत मी हे राऊटर लावून दिलेत, तक्रार सगळीकडून एकच येते पण कारण प्रत्येक घरात वेगळं निघतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी हे बघा की रिस्टार्ट केल्यावर नेट का येतं. राऊटर बंद-चालू झाला की तो टॉवरला नव्याने जोडला जातो, बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) आणि सेल (टॉवरचा आपल्याला लागणारा एक भाग) परत निवडतो, कंपनीकडून नवीन आयपी म्हणजे नेटवरचा पत्ता घेतो. म्हणजे यातलं काहीतरी बिघडलं होतं आणि तात्पुरतं सुटलं एवढंच. मूळ कारण तिथंच बसलेलं आहे. म्हणून दोन-चार दिवस प्लगला हात लावण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळ लिहा: किती वाजता गेलं, लाईट होती का, पाऊस होता का, घरात किती मोबाईल चालू होते, आपोआप आलं की रिस्टार्ट करावा लागला. कारण शोधायला सगळ्यात जास्त उपयोग या वेळेचाच होतो, कुठल्याही ॲपपेक्षा जास्त.

रोज संध्याकाळी किंवा रात्री एका ठरावीक वेळेच्या आसपास जात असेल तर पहिला संशय डेटा संपण्याचा. मोबाईलचं रोज दोन जीबीवालं सिम राऊटरमध्ये घातलेलं असतं, घरात टीव्हीवर यूट्यूब लागलं की दोन जीबी जेवणाच्या आधीच उडतात, त्यानंतर कंपनी स्पीड ६४ केबीपीएसवर आणते. नेट "बंद" होत नाही, व्हॉट्सॲपचा साधा मेसेज रखडत रखडत जातो पण बाकी काहीच उघडत नाही. स्पीड टेस्टमध्ये ०.०६ सारखा आकडा आला आणि रात्री बारानंतर सगळं जागेवर आलं तर राऊटरला दोष देऊ नका, प्लॅन बदला. ऐकायला फारच साधं वाटतं पण जरूर बघा, कारण राऊटर बिघडला म्हणून दुकानात नेलेल्या कित्येकांचं एवढंच असतं.

डेटा शिल्लक असून संध्याकाळी सात ते अकरा मरगळ येते आणि पहाटे पाचला सुसाट पळतं असं असेल तर ती टॉवरवरची गर्दी. त्याचा उपाय बँडच्या भागात सांगतो.

आता राऊटरच्या आतले आकडे. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका (नेमका पत्ता राऊटरच्या खालच्या स्टिकरवर असतो), पासवर्ड द्या आणि स्टेटस किंवा ॲडव्हान्स्डमध्ये आरएसआरपी आणि एसआयएनआर हे दोन आकडे शोधा. आरएसआरपी म्हणजे टॉवरचा सिग्नल किती जोरात पोचतोय. उणे ८० च्या आसपास उत्तम, उणे १०० ठीक, उणे ११० कमजोर, उणे १२० म्हणजे संपलंच. राऊटरवरच्या दांड्या मुख्यतः याच आकड्यावरून दाखवतात. पण नेट चालणं ठरतं एसआयएनआरवर, म्हणजे आपल्याला हवा तो सिग्नल बाकीच्या गोंगाटापेक्षा किती वर आहे. हा २० च्या वर असेल तर झकास, १३ ते २० चांगला, शून्याजवळ आला की रडतखडत आणि शून्याच्या खाली गेला की दांड्या कितीही असोत, व्हिडिओ कॉल विसरा. उणे १०८ आरएसआरपी आणि १४ एसआयएनआर असलेलं घर मला उणे ९० आणि १ असलेल्या घरापेक्षा कधीही चालेल.

शेजारच्या काकू हेच विचारत होत्या, "अरे, फुल्ल रेंज दिसते मग चालत का नाय रे?" त्यांचं घर उतारावर, समोर नदीपलीकडच्या डोंगरावर एक टॉवर आणि पाठीमागे सड्यावर (वरच्या कातळाच्या पठारावर) दुसरा, दोन्ही एकाच कंपनीचे. फोर-जीमध्ये एका कंपनीचे शेजारशेजारचे टॉवर बहुतेक एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात. जत्रेत दोन कर्णे समोरासमोर सारख्याच आवाजात वाजत असतील तर आवाज भरपूर असतो पण शब्द एकाचाही कळत नाही, तसं होतं. त्यात राऊटर कधी याला तर कधी त्याला जोडला जातो, प्रत्येक बदलीत क्षणभर अडकतो आणि मुलाचा ऑनलाईन क्लास गोठतो.

हे ओळखायचं कसं, तर त्याच पानावर सेल आयडी आणि पीसीआय असे सेलची ओळख सांगणारे दोन आकडे असतात, नेट चालू असताना त्यांचा फोटो काढा आणि गेल्यावर परत काढा. आकडे बदललेले दिसले तर टॉवर किंवा सेल बदलतोय. सेल आयडीला २५६ ने भागलं की पूर्णांकात जो भाग येतो तो टॉवरचा नंबर आणि जी बाकी उरते तो त्या टॉवरवरचा सेल, म्हणजे टॉवर तोच राहून फक्त सेल बदलला की टॉवरच बदलला हे कळतं. राऊटरमध्ये हे दिसत नसेल तर तेच सिम तात्पुरतं मोबाईलमध्ये घालून नेटमॉन्स्टर किंवा सेलमॅपर ॲपवर बघा. आणि टॉवर नक्की कुठे उभे आहेत हे सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर नकाशावर दिसतं, २०१७ पासून ते सगळ्यांसाठी खुलं आहे. कुठला टॉवर घराच्या कुठल्या अंगाला आहे हे कागदावर काढून ठेवा, पुढे प्रत्येक पायरीला लागतं.

दोन टॉवरच्या भांडणावर आपल्याकडे एक फुकटातला उपाय आहे आणि तो म्हणजे चिऱ्याची भिंत. जांभ्याची जाड भिंत सिग्नल चांगलाच अडवते, एरवी आपण तिला शिव्या देतो पण इथे ती कामाला येते. नको असलेल्या टॉवरच्या आणि राऊटरच्या मध्ये भिंत येईल आणि हव्या असलेल्या टॉवरच्या बाजूला खिडकी किंवा पडवी उघडी राहील अशी जागा निवडायची. काकूंकडे राऊटर मागच्या दारी होता, तो पुढच्या पडवीत खांबाला वर टांगला, सड्यावरचा टॉवर पूर्ण घराआड गेला, एक दांडी कमी झाली आणि एसआयएनआर शून्यावरून थेट दोन आकड्यांत गेला. दांडी कमी झाली म्हणून काकू आधी नाराज होत्या, पण संध्याकाळी नातवाशी अर्धा तास न तुटता बोलल्यावर विषय मिटला.

म्हणून काहीही विकत आणायच्या आधी राऊटर हातात घेऊन घरभर फिरा, एक्स्टेन्शन बोर्ड लावून. ओटी, पडवी, माळ्याची खिडकी, न्हाणीच्या वरचा झरोका, सगळीकडे. प्रत्येक ठिकाणी निदान पाच मिनिटं थांबा कारण आकडे लगेच स्थिर होत नाहीत, आणि हातभर सरकवल्यानेही फरक पडतो, विशेषतः लोखंडी पत्र्याचं छप्पर असेल तर. पत्र्याला टेकून किंवा पत्र्याखाली अगदी वर राऊटर ठेवू नका, पत्रा सिग्नल परत फेकतो आणि एप्रिल-मेमध्ये त्या तापात राऊटर गरम होऊन स्वतःच बंद पडतो. दुपारी बारा ते चार या वेळेतच तुटत असेल तर हाच संशय घ्या, राऊटर खाली आणून भिंतीच्या सावलीत ठेवा आणि बघा. फ्रिज आणि लोखंडी कपाट यांच्यापासूनही लांब.

बँड

भारतात फोर-जी मुख्यतः या बँडवर चालतं: बँड ५ म्हणजे ८५०, बँड ८ म्हणजे ९००, बँड ३ म्हणजे १८००, बँड १ म्हणजे २१००, बँड ४० म्हणजे २३०० आणि बँड ४१ म्हणजे २५०० मेगाहर्ट्झ, शिवाय बीएसएनएलचा ७०० चा बँड २८. जिओ ५, ३ आणि ४० वापरतं, एअरटेल ८, ३, १ आणि ४०, व्हीआय ८, ३, १ आणि ४१. मेगाहर्ट्झचा आकडा लहान तितका सिग्नल लांब जातो, झाडाझुडपातून आणि भिंतीतून आत येतो, पण या खालच्या बँडमध्ये कंपन्यांकडे जागा थोडी असते म्हणून पंचक्रोशीतली सगळी घरं त्यावर आली की तो आधी तुंबतो. २३०० वर जागा भरपूर पण तो डोंगराला वळसा घालून येत नाही.

राऊटर आपणहून बहुतेक जोरात येणारा बँड पकडतो, म्हणजे आपल्या डोंगराळ भागात ८५० किंवा ९००. संध्याकाळच्या गर्दीवरचा उपाय इथेच आहे. राऊटरमध्ये बँड सिलेक्शन असेल तर फक्त बँड ३ किंवा ४० टिक करून रात्री आठला स्पीड टेस्ट करा. दांड्या कमी होतील पण स्पीड कितीतरी पट वाढलेला मी बघितलाय, फक्त त्या बँडचा आरएसआरपी साधारण उणे ११० च्या आत आणि एसआयएनआर पाच-सातच्या वर टिकायला हवा, नाहीतर पाऊस पडला की तो बँड जाणार आणि लॉक असल्यामुळे राऊटर दुसरीकडे जाणारही नाही. म्हणून शक्य असेल तर एक नाही, दोन बँड टिक करून ठेवा. सगळ्या राऊटरमध्ये ही सोय नसते, घेतानाच विचारा.

बँडवरून अजून दोन गोष्टी. बीएसएनएलची फोर-जी २७ सप्टेंबर २०२५ ला देशभर अधिकृतपणे सुरू झाली आणि जिथे बाकी कोणी टॉवर टाकला नाही अशा गावांतही त्यांचे टॉवर आलेत, ती तुमच्याकडे चांगली येत असेल तर राऊटरच्या खोक्यावर बँड २८ लिहिलाय का हे बघूनच घ्या, बऱ्याच स्वस्त आणि जुन्या राऊटरमध्ये तो नसतो आणि मग शेजारी मोबाईलला नेट असतं पण राऊटरला "नो सर्व्हिस". दुसरं, अमेरिकेतल्या भावाने किंवा भाच्याने प्रेमाने आणलेला राऊटर. तिकडचे बँड २, ४, १२, १३, ६६ असे असतात, आपले ३, ८ आणि ४० त्यात बहुतेक वेळा नसतात. असा राऊटर नुसत्या बँड ५ वर अडकून बसतो आणि सेटिंग कितीही उलटीपालटी केली तरी सुधारत नाही.

फाईव्ह-जीवाला राऊटर असेल आणि वाडीत फाईव्ह-जी अर्धवट येत असेल तर सरळ "फक्त फोर-जी" मोडवर ठेवा. तसंच एअरटेल, व्हीआय, बीएसएनएलच्या सिमवर मोड "ऑटो" असला तर फोर-जी क्षणभर कमी झाल्यावर राऊटर टू-जीवर उतरतो आणि तिथेच बसून राहतो, रिस्टार्ट केल्याशिवाय वर येत नाही. पानावर एलटीई (म्हणजे फोर-जी) ऐवजी एज किंवा जीएसएम लिहिलेलं दिसलं तर हेच. इथेही "फक्त फोर-जी" केलं की काम होतं.

मुंबईचं सिम

गणपतीला चाकरमानी येताना मुंबईत घेतलेलं सिम घेऊन येतात, राऊटरमध्ये घालतात आणि नेट येतच नाही, मोबाईलमध्ये मात्र तेच सिम नीट चालतं. टेलिकॉमच्या हिशोबात मुंबई हे वेगळं सर्कल आहे, बाकीचा महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. म्हणजे मुंबईचं सिम रत्नागिरीत आलं की काही राऊटरच्या दृष्टीने ते रोमिंगवर असतं. आपल्याला त्याचे जादा पैसे पडत नाहीत पण राऊटरमध्ये डेटा रोमिंग मुळातच बंद ठेवलेलं असतं. मोबाईल डेटाच्या सेटिंगमध्ये डेटा रोमिंग चालू करा, बास. दोडामार्ग किंवा चंदगडसारख्या कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या गावांतही हे सेटिंग चालूच ठेवावं, पलीकडचा टॉवर पकडला तर तुटायला नको.

एपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटला जोडायला राऊटरमध्ये भरायचं नाव, शक्यतो आपोआप भरलं जातं. नसेल तर जिओला जिओनेट, एअरटेलला एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, बीएसएनएलला बीएसएनएलनेट, सगळं इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, आणि आयपी टाईप आयपीव्ही-४ आणि ६ दोन्ही ठेवा.

अँटेना लावायचा असेल तर

घरभर फिरूनही एसआयएनआर सुधारला नाही तरच बाहेरचा अँटेना. राऊटरला मागे काढता येणारे अँटेना असायला हवेत. त्यांचे कनेक्टर एसएमए असतात, वायफायवाले आरपी-एसएमए दिसायला तसेच पण मधली पिन उलटी, चुकीचा आणला तर आटे बसतात पण आत पिनला पिन लागतच नाही. फोर-जी दोन वाटांनी एकदम डेटा आणतं म्हणून अँटेनाही दोन लागतात, किंवा एकाच डब्यात दोन असलेला मायमो पॅनल. एकच लावलात आणि दुसरं भोक मोकळं सोडलंत तर स्पीड अर्ध्यावर येऊ शकतो. दोन वेगळे लावलेत तर एक ४५ अंश डावीकडे कललेला आणि दुसरा ४५ अंश उजवीकडे, दोन्हींचं तोंड त्याच टॉवरकडे.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते केबलमध्ये. दुकानदार अँटेनासोबत दहा मीटर बारीक काळी केबल देतो, आरजी-५८ किंवा त्याहून पातळ, त्यात १८०० मेगाहर्ट्झला दर मीटरमागे अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त सिग्नल मरतो, म्हणजे दहा मीटरमध्ये सहा डेसिबलच्या वर, म्हणजे वरून निघालेल्या सिग्नलचा पावही खाली पोचत नाही. अँटेनाने जे कमावलं ते केबलने खाल्लं. त्यापेक्षा राऊटरच वर माळ्यावर अँटेनाच्या जवळ ठेवा, अँटेनाची केबल दोन मीटरच्या आत, आणि वरून खाली लॅन केबल आणा. ती १०० मीटरपर्यंत काही गमावत नाही. खाली हवा तर एक साधा वायफाय राऊटर ॲक्सेस पॉईंट म्हणून लावा. खर्च जाड केबलपेक्षा कमी येतो.

पावसाळ्याचा विचार उन्हाळ्यातच करा. मे महिन्यात लावलेला अँटेना जुलैत अचानक कमजोर झाला म्हणून फोन येतात, तेव्हा समोरच्या आंब्या-फणसाची पालवी आणि रानातली झाडी भिजून गच्च झालेली असते, ओली पानं सिग्नल शोषतात. झाडाच्या शेंड्यावरून टॉवर दिसेल एवढी उंची मिळाली तर उत्तम. कनेक्टरवर नुसती काळी इलेक्ट्रिक टेप पुरत नाही, स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप मिळते ती ताणून गुंडाळा आणि केबल घरात शिरण्याआधी खाली झोल ठेवा म्हणजे पाणी झोलातून टपकून जाईल, आत येणार नाही. खाऱ्या हवेच्या पट्ट्यात, गुहागर-दापोलीकडे, दरवर्षी आगोटीआधी (पावसाळा लागायच्या आधी) कनेक्टर उघडून हिरवट थर चढलाय का ते बघावं.

आणि वीज. वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की अँटेनाची केबल आणि अडॅप्टर दोन्ही काढून ठेवायचे, दोन्ही, एकच काढून उपयोग नाही. पण हे ढग डोक्यावर यायच्या आधी. कडकडाट सुरू झाल्यावर राऊटर वाचवायला माळ्यावर चढू नका, केबलला तर हातच लावू नका, राऊटर दुसरा मिळेल. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप आसपास वीज पडण्याचा इशारा आधी देतं, मोबाईलमध्ये ठेवाच. लोखंडी खांब लावला असेल तर त्याची अर्थिंग माहीतगार वायरमनकडून करून घ्या.

सिग्नल बूस्टर या नावाने ऑनलाईन जे यंत्र मिळतं, जे टॉवरचा सिग्नल घेऊन वाढवून परत सोडतं, ते घेऊ नका. आपल्याकडे परवान्याशिवाय ते लावणं बेकायदेशीर आहे आणि त्याने आसपासच्या सगळ्यांचा टॉवर बिघडतो. साधा अँटेना नुसता ऐकतो आणि राऊटरचंच बोलणं पोचवतो, त्याला अडचण नाही.

लाईट, अडॅप्टर आणि टॉवरची बॅटरी

काही घरांत राऊटर स्वतःहून रिस्टार्ट होतो, विशेषतः फोटो-व्हिडिओ पाठवताना. सिग्नल कमजोर असला की राऊटर टॉवरपर्यंत पोचायला आपली पूर्ण ताकद लावतो, ती २०० मिलिवॅटपर्यंत जाते, त्या क्षणी अडॅप्टरकडून जास्त करंट मागितला जातो आणि स्वस्तातला बदली अडॅप्टर तिथे दम सोडतो. अडॅप्टरवर आणि राऊटरवर लिहिलेले व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. ९ व्होल्टच्या राऊटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस पिन बसते म्हणून लावू नका. मिनी यूपीएस मात्र घ्याच, लाईट पाच मिनिटांसाठी गेली तरी राऊटर नव्याने उठायला वेळ घेतो आणि लाईट येताना जो झटका येतो त्यापासूनही थोडा बचाव होतो.

लाईट गेल्यावर घरात यूपीएस असूनही तासा-दोन तासांनी नेट जात असेल तर टॉवरची बॅटरी संपतेय. त्याला आपण काही करू शकत नाही, दुसऱ्या कंपनीचं सिम जवळ ठेवणं एवढंच. पण घेताना एक गोष्ट तपासा जी कोणी सांगत नाही: दोन कंपन्यांचे अँटेना बऱ्याचदा एकाच खांबावर असतात, खांब आणि बॅटरी इंडस टॉवर्ससारख्या तिसऱ्याच कंपनीची असते, अशा वेळी दोन्ही सिमं एकदमच मरतात. दुसरं सिम वेगळ्या टॉवरवरचं हवं. पहिला टॉवर गेलेला असताना कोणाकोणाच्या मोबाईलला रेंज आहे हे वाडीत विचारून घ्या, एका संध्याकाळीत उत्तर मिळतं.

जोडलेला दिसतो पण डेटा नाही

इथे तीन पिंग करायचे, पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघणं. मोबाईलवर पिंगचं कुठलंही ॲप घ्या, आधी राऊटरचा १९२.१६८ वाला पत्ता, मग ८.८.८.८ (हा गूगलचा बाहेरचा पत्ता), मग एखाद्या वेबसाईटचं नाव. पहिलाच पोचला नाही तर गडबड घरातल्या वायफायची, टॉवरचा संबंध नाही. पहिला पोचतो दुसरा नाही तर सिमकडचं कनेक्शन अडकलंय. पहिले दोन पोचतात आणि नाव उघडत नाही तर दोष डीएनएसचा, म्हणजे साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेचा, राऊटरमध्ये डीएनएसच्या जागी १.१.१.१ आणि ८.८.८.८ भरा.

अडकलेलं कनेक्शन हा प्रकार खूप आहे. टॉवरकडून सेशन कधीच बंद झालेलं असतं पण राऊटर जुना आयपी धरून "कनेक्टेड" दाखवत राहतो. राऊटर कंपनीच्या साईटवरून फर्मवेअर (राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून बघा, त्याने बऱ्याचदा सुटतं. नसेल सुटत तर राऊटरमध्ये पिंग वॉचडॉग शोधा, म्हणजे ८.८.८.८ ला काही वेळ उत्तर मिळालं नाही की तो आपोआप परत जोडतो. तेही नसेल तर रीबूट शेड्यूल पहाटे चारला लावा. बाजारात मिळणारा चक्रीचा टायमर सॉकेट लावू नका, लाईट गेली की त्याचं घड्याळ मागे पडतं आणि मग तो भर दुपारी मीटिंगमध्ये राऊटर बंद करतो.

व्हॉट्सॲप चालतं पण बँकेची साईट किंवा ऑफिसचा व्हीपीएन अर्ध्यावर अडकतो, असं नेमकं होत असेल तर राऊटरमध्ये एमटीयू (डेटाच्या एका तुकड्याचा जास्तीत जास्त आकार) १५०० वरून १४०० करून बघा. आणि सीसीटीव्ही पुण्या-मुंबईहून दिसत नसेल तर पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरून थेट कॅमेऱ्यापर्यंत रस्ता काढायच्या सेटिंगच्या) मागे लागू नका, मोबाईल कंपन्या एकच पब्लिक आयपी अनेकांत वाटतात, राऊटरला १०० ने सुरू होणारा नाहीतर १० चा आयपी दिसला की बाहेरून आत यायला रस्ता नाही. कॅमेरा कंपनीच्या क्लाऊड ॲपवरूनच बघता येईल.

जे आपल्या हातात नाही

गणपती आणि शिमग्याला गावची वस्ती दुप्पट-तिप्पट होते, टॉवर तेवढाच असतो. त्या दिवसांत सेटिंग बदलत बसू नका, नंतर काय बदललं होतं तेच आठवत नाही. मोठे डाऊनलोड पहाटे, व्हिडिओ कॉलऐवजी साधा कॉल.

पण एरवीही रोज संध्याकाळी टॉवर तुंबत असेल, किंवा लाईट गेली की दरवेळी बंद पडत असेल, तर तक्रार करा आणि आकड्यांसकट करा. "नेट स्लो आहे" म्हटलं की कस्टमर केअर मोबाईल रिस्टार्ट करायला सांगतं. त्याऐवजी सेल आयडी, बँड, आरएसआरपी, एसआयएनआर, सकाळी पाचचा आणि रात्री नऊचा स्पीड आणि कॅलेंडरवर लिहिलेल्या वेळा द्या. एसआयएनआर चांगला असूनही रात्री स्पीड पडतो हे कागदावर दिसलं की दोष तुमच्या घरात आहे असं म्हणता येत नाही. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या कव्हरेजचे नकाशे वेबसाईटवर टाकावे लागतात, तिथे तुमच्या वाडीत फोर-जी दाखवलं असेल आणि प्रत्यक्षात नसेल तर त्याचा स्क्रीनशॉट जोडा. तक्रारीचा डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. उत्तर समाधानकारक नसेल तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, अपिलाला पैसे लागत नाहीत, ३० दिवसांत करायचं असतं आणि त्यात तो डॉकेट नंबर द्यावा लागतो. वाडीतली सगळी घरं एकाच सेलवर असतात, म्हणून प्रत्येक घराने आपापल्या नंबरवरून वेगळी तक्रार टाका, सेल आयडी मात्र सगळ्यांनी तोच लिहा, आणि एक प्रत ग्रामपंचायतीत पोच घेऊन द्या.